वॉटर्लू साडेअकराला, टेबलं आल्यावर

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास सुरू झाली. नेपोलियनला खरं तर लवकर हात घालायचा होता. पण आदल्या रात्री धो धो पाऊस पडून रानाचा चिखल झाला होता, तोफा रुतत होत्या, म्हणून तो जमीन वाळायची वाट बघत बसला. हीच लढाई मी अमेरिकेतल्या एका हॉटेलच्या बॉलरूममध्ये पाहिली. तीही साडेअकरालाच सुरू झाली. इथे चिखल नव्हता, चांगला जाड गालिचा होता. टेबलं आली नव्हती.

ऐतिहासिक युद्धखेळांचं संमेलन म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. बोटाच्या दोन पेरांहून लहान, साधारण २८ मिलिमीटर उंचीचे शिशाचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक असतात. ते एकेक करून हाताने रंगवायचे. टेबलावर हिरवं कापड, त्यावर डोंगर, नदी, गाव, झाडं. टेपने अंतर मोजून पलटणी पुढे सरकवायच्या आणि गोळी लागली की नाही ते फासे टाकून ठरवायचं. गव्हाचं शेत हवं असेल तर काथ्याचं पायपुसणं कापून ठेवतात. तोफेचा धूर दाखवायला कापूस, आणि गाव पेटलेलं दाखवायचं असेल तर त्या कापसाखाली बॅटरीवरची लुकलुकती पणती. हे सगळं करणारी मंडळी साठीच्या आसपासची, पोट सुटलेली आणि कमालीची गंभीर असतात.

पोरखेळ म्हणायची सोय नाही, कारण घराणं मोठं आहे. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन लेफ्टनंटाने आपल्या वडिलांनी काढलेला असाच खेळ सुधारून जनरल स्टाफचा प्रमुख म्युफ्लिंग याला दाखवला, तेव्हा म्युफ्लिंग म्हणे उद्गारला की हा खेळ नव्हे, हे तर युद्धाचं शिक्षण आहे. आणि त्याने तो पलटणींना शिकवायची शिफारस केली. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्सने 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून हा खेळ दिवाणखान्याच्या जमिनीवर आणला. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखरच शिशाचे सैनिक उडवायचे, असा त्याचा प्रकार. हा खेळ बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, असं त्याने उपशीर्षकातच जाहीर केलं. मी पाहिलेल्या संमेलनातली मुलं बाराच्या मानाने दीडशेला जवळ होती.

१९६८ साली गॅरी गायगॅक्स नावाच्या गृहस्थाने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातला हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेऊन खेळाडू जमवले. त्याचंच पुढे 'जेन कॉन' हे प्रचंड प्रस्थ झालं. पण १९७४ मध्ये याच गायगॅक्सने आपल्या जोडीदाराबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढलं, आणि तरुण पोरं भालाईत सोडून राक्षस-मांत्रिकांच्या मागे गेली. इतिहासवाले मागे उरले. त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. १९८४ पासून, बहुतेक वर्षं पेनसिल्व्हेनियात, भरणारं 'हिस्टोरिकॉन' हे त्यातलं थोरलं, आणि इलिनॉयमधलं 'लिटल वॉर्स', वॉशिंग्टन राज्यातलं 'एन्फिलेड' अशी ठिकठिकाणची प्रादेशिक संमेलनं ही धाकटी पाती. ही चालवायला पगारी माणसं नसतात. नोकरी-व्यवसाय सांभाळून किंवा निवृत्तीची पुंजी मोडून स्वयंसेवकच ती ओढतात.

मी पाहिलेलं संमेलन यांपैकी नव्हे. त्याचं नाव सांगणार नाही, कारण शेजारधर्म. आमच्या उजव्या हाताच्या घरात राहणारे गृहस्थ त्याच्या संयोजन समितीत आहेत. त्यांना आपण सरदार म्हणू. मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीसाठी घडीच्या खुर्च्या गाडीत कोंबताना त्यांनी मला कधीतरी पाहिलं होतं. एके दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "तुम्हाला खुर्च्या मोजता येतात ना?" मी हो म्हणालो. या देशात मला कुणी इतक्या विश्वासाने काही विचारलं नव्हतं.

समितीची पहिली बैठक एका पिझ्झाच्या दुकानात होती. आठ माणसं होती, आणि आठही रणधुरंधर. १८१२ साली नेपोलियन चार लाखांहून जास्त फौज घेऊन नीमेन नदी ओलांडून रशियात का शिरला आणि कशाने बुडाला, यावर त्यांचं एकमत होतं: रसद. घोड्यांना दाणा नाही, गाड्या मागे, माणसं पुढे. कोषाध्यक्षांनी तर फौजेच्या कुठल्या कोरमध्ये किती घोडे उरले ते तोंडपाठ सांगितलं. मग विषय निघाला की गेल्या वर्षी विजेच्या वायरी कमी पडल्या होत्या, त्या यंदा कोण आणणार. शांतता पसरली. प्रत्येकाने पिझ्झाच्या कडा बारकाईने पाहिल्या.

पानिपत रसदेवाचून गेलं हे आपल्याकडे चौथीतलं पोरही सांगतं. तरी मंडळाच्या कार्यक्रमाला पेपर प्लेट दरवर्षी कमी पडतातच. तेव्हा या माणसांबद्दल मला एकदम आपुलकी वाटू लागली.

या उद्योगाचा खरा गाभा टेबलात आहे. अमेरिकन हॉटेलातलं घडीचं टेबल सहा फूट लांब आणि तीस इंच रुंद असतं. लढाईला एवढी रुंदी पुरत नाही, म्हणून दोन टेबलं लांबीला लांबी लावून जोडायची, की सहा बाय पाच फुटांचं रणांगण तयार. मोठ्या लढाईला अशी चार, कधी सहा. एका वेळी वीस लढाया म्हटल्या तरी पन्नाससाठ टेबलं लागतात. हॉटेलच्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, की तेवढी लांब टेबलं त्या दिवशी नाहीत, पण लग्नासाठीची गोल टेबलं हवी तेवढी देता येतील. सरदारांनी फोन छातीशी धरून एक खोल श्वास घेतला. गोल टेबलावर राजा आर्थर बसला असता, वेलिंग्टन बसणार नव्हता.

शेवटी लांब टेबलं मिळाली, पण साडेअकराला. आणि जोडलेल्या दोन टेबलांची उंची क्वचितच सारखी असते. मधे अर्ध्या इंचाची पायरी येते आणि फटही राहते. त्या फटीत जितकी पलटणं गडप झाली तितकी कुठल्याही तोफखान्याने मारली नसतील. वर कापड घातलं की फट दिसत नाही. मग एखादा उत्साही सेनापती फ्रेंच चिलखती घोडदळाला सरपट हाकतो आणि अख्खी रांग कापडासकट खाली बसते. वॉटर्लूला फ्रेंच घोडदळ गिळणाऱ्या त्या खोलगट रस्त्याबद्दल व्हिक्तोर ह्यूगोने फार वाढवून लिहिलं आहे असं इतिहासकार म्हणतात. त्यांनी हॉटेलची टेबलं पाहिलेली नाहीत.

वेळापत्रक हा दुसरा मोर्चा. कुणी कुठली लढाई मांडायची ते ज्याचं त्याने कळवायचं असतं. प्रत्येक खेळाला साधारण चार तास. गेटिसबर्ग १८६३ मध्ये १ ते ३ जुलै असं तीन दिवस चाललं, ते इथे जेवणासकट चार तासांत उरकायचं. सगळ्यांना शनिवार दुपार हवी असते. रविवार सकाळ कुणालाच नको असते, कारण शनिवारी रात्री हॉटेलच्या बारमध्ये सगळ्या लढाया पुन्हा एकदा, या वेळी तोंडी, लढल्या जातात. यंदा गेटिसबर्ग मांडायला तीन जण तयार होते आणि तिघांनाही इतर दोघांचं गेटिसबर्ग चुकीचं वाटत होतं. नौदलवाल्यांना खिडकीजवळ जागा नको होती, कारण त्यांच्या निळ्या कापडावर ऊन पडलं की समुद्र विटका दिसतो. दुसऱ्या महायुद्धवाल्यांच्या शेजारी कुणीच बसायला तयार नव्हतं. ते रणगाडा हलवताना तोंडाने आवाज काढतात.

हे सगळं सरदार एका वहीत पेन्सिलीने लिहीत होते. खोडरबरानेच ते वेळापत्रक केलं म्हटलं तरी चालेल.

असल्या माणसांचा कुणी संत असलाच तर तो कॅप्टन विल्यम सायबोर्न. त्याची गोष्ट मला कोषाध्यक्षांनी गहिवरून सांगितली. १८३० साली या इंग्रज अधिकाऱ्याला वॉटर्लूची प्रतिकृती बनवायचं सरकारी काम मिळालं. गडी रणांगणावर जाऊन राहिला, ला हे सांत नावाच्या शेतघरात आठ महिने मुक्काम ठोकून त्याने इंच न् इंच जमीन मोजली. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती? शेकड्यांनी उत्तरं आली. वीस वर्षांपूर्वी संध्याकाळी सात वाजता आपण कुठे होतो हे आठवणारी माणसं त्या काळी होती; मला काल सातला कुठे होतो ते सांगता येणार नाही. मधेच सरकारने पैसे थांबवले. सायबोर्न थांबला नाही. कर्ज काढून त्याने सुमारे पंचाहत्तर हजार बारीक शिशाचे सैनिक उभे केले. १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शन भरलं, बघायला लोटले लाखभर लोक, आणि तरीही कर्ज फिटलं नाही. त्यातून ड्यूक ऑफ वेलिंग्टन नाराज: प्रतिकृतीत प्रशियाचे सैनिक फार दिसतात, म्हणजे विजयाचं श्रेय वाटलं जातं. बिचाऱ्या सायबोर्नने शेवटी हजारो प्रशियन उचलून काढले. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

"म्हणजे बघा," कोषाध्यक्ष म्हणाले, "स्वतःचे पैसे घातले, आठ वर्षं राबला, आणि वर पाहुण्याने तक्रार केली." मी मान डोलावली. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या मंडळाच्या गणपतीत मोदक कमी गोड होते म्हणून सांगणारे गृहस्थ वर्गणी न देता जेवले होते.

आता ज्या वेलिंग्टनने ही कुरकुर केली त्याचा आपला संबंध जुना आहे. तेव्हा तो नुसता मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या माळावर त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला चढवला. म्हातारपणी कुणीतरी त्याला विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कुठली, तर त्याने वॉटर्लू नव्हे, असई सांगितली. युद्धखेळवाल्यांना असई भारी आवडते. एका बाजूला मूठभर, दुसऱ्या बाजूला लोटच्या लोट. मधे केळणा नदी, मागे जुई नदी. वाटाड्यांनी शपथेवर सांगितलेलं की नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून बघितलं तर दोन काठांना पिंपळगाव आणि वरुड ही दोन गावं अगदी समोरासमोर. समोरासमोर गावं वसलीत म्हणजे मधून येण्याजाण्याची वाट असणारच, असं ताडून त्याने फौज पाण्यात घातली, आणि उतार निघाला. मराठवाड्यातल्या कुठल्याही पोराने त्याला हे फुकट सांगितलं असतं.

सरदारांनी यंदा असई मांडायचं ठरवलं होतं, आणि इथेच मी खुर्च्या मोजण्यावरून बढती मिळून सल्लागार झालो. रात्री दहाला त्यांचा फोन आला.

"शिंद्यांच्या घोडेस्वारांचं पागोटं कुठल्या रंगाचं?"

हा प्रश्न मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. भारतात सकाळ होती, सगळे चहा घेत होते. संभाजीनगरची मावशी म्हणाली भगवं, नागपूरची मावशी म्हणाली लाल. त्यावर एका मामांनी विचारलं, की पागोट्याचं राहू दे, यशवंतराव होळकर त्या वेळी लांब का राहिले ते आधी सांगा. संध्याकाळपर्यंत दोन जण ग्रुप सोडून गेले होते. दरम्यान सरदारांनी ग्रंथ उघडून स्वतःच उत्तर काढलं: शिलेदारांचा घोडा आपापला, कपडे आपापले, गणवेश नाहीच, तेव्हा प्रत्येकाला वेगळा रंग द्यायचा. दोनशे पागोटी त्यांनी दोनशे तऱ्हांनी रंगवली. तळहातावर घेऊन मी एक स्वार भिंगातून पाहिला. गुलाबी पागोटं, कपाळावर गंध, आणि गंध लावायला वापरलेला ब्रश एका केसाचा. हा माणूस कधी भारतात गेलेला नव्हता. त्याच्या आयुष्यात भेटलेला पहिला मराठा मी, आणि माझ्याकडे पागोटं नाही.

खेळाच्या दिवशी टेबलाभोवती सहा जण. इंग्रजांकडे तिघे, त्यांतल्या एकाकडे पेशव्यांचं आणि म्हैसूरचं घोडदळ. म्हणजे मराठे दोन्ही बाजूंना, हे ऐकून बाकीच्यांना गोंधळल्यासारखं झालं, मला नाही. आपल्या बाजूला एक जण शिंदे, एक जण भोसले आणि एक जण पोलमान. हा हॅनोव्हरचा जर्मन शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती होता. शिंदे झालेले गृहस्थ दातांचे डॉक्टर होते, भोसले झालेले विमा विकायचे. दोघांमध्ये मागच्या संमेलनातल्या कुठल्याशा टेबलावरून वाद झालेला असल्याने ते एकमेकांशी बोलत नव्हते. मध्यस्थी पोलमान करत होता. इतिहासाशी इतकं इमान मी कुठल्या ऐतिहासिक चित्रपटात पाहिलेलं नाही.

आणि ऐन रंगात, इंग्रज पलटणी नदी उतरून तोफांच्या तोंडाशी आल्या तेव्हा, नोंदणीच्या टेबलावरून एक बाई धावत आल्या. बिल्ले छापायचं यंत्र अडकलं होतं. सरदारांनी एकदा असईकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि गेले. यंत्र सुटतंय तोवर शेजारच्या हॉलमधल्या लग्नाची मंडळी तक्रार घेऊन आली. महायुद्धवाल्यांच्या रणगाड्यांचा आवाज विधीत ऐकू येत होता. ते मिटवून परत येताना लिफ्टपाशी वधू भेटली. तिने विनंती केली की तो नेपोलियनची टोपी घातलेला माणूस आमच्या फोटोत मुद्दाम येतोय का, बघाल का प्लीज. बघितलं. तो मुद्दामच येत होता.

सरदार परतले तेव्हा टेबल रिकामं होतं. तीन महिने रंगवलेली लढाई त्यांच्याशिवाय संपली होती आणि लढवय्ये बर्गर खायला गेले होते. टेबलावर चिठ्ठी होती: मराठे जिंकले, खेळ छान होता, नदीचा एक तुकडा कॉफीत भिजलाय. मी चिठ्ठीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. दोन्ही मावश्यांनी त्याला हात जोडले.

संमेलनातल्या स्वयंसेवकाची ओळख पटवायची सोपी खूण मला एव्हाना सापडली होती. खेळायला आलेला माणूस खाली वाकलेला असतो, डोळे टेबलाच्या पातळीला आणून आपल्या बंदूकवाल्यांना टेकडीपलीकडचा शत्रू दिसतो का ते बघत. स्वयंसेवक मान वर करून छताकडे बघत असतो, कुठला दिवा गेला ते शोधत. तीन दिवसांत समितीच्या आठांपैकी दोघांनाच एक पूर्ण खेळ खेळता आला, आणि त्यातला एक हरला.

जुन्या वस्तूंचा बाजारही असतो. तिथे माणसं पेट्यांवर पेट्या रंग न दिलेले सैनिक विकतात आणि मिळालेल्या पैशांतून शेजारच्या टेबलावरून रंग न दिलेले सैनिक घेतात. या छंदातला सर्वांत जुना विनोद असा की मी मेल्यावर बायकोने हे सगळं मी तिला सांगितलेल्या किमतीला विकू नये. तीन दिवसांत तो मला पाच वेगवेगळ्या माणसांनी पाच वेळा सांगितला आणि पाचही वेळा सांगणाराच आधी हसला.

रविवारी दुपारी तीन वाजता हॉटेलची पोरं टेबलं घडी करायला आली. तोफेच्या गोळ्यांपुढे घेतली नसेल इतक्या लगबगीने नेपोलियनच्या ओल्ड गार्डने माघार घेतली. सैनिक चुंबकाच्या तळाच्या डब्यांत, डोंगर खोक्यांत, पायपुसणी गुंडाळून बगलेत. टेबलं मोजली तर एक जास्त भरलं. ते कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं आणि हॉटेलवाले ते घ्यायला तयार नव्हते. सध्या ते आमच्या गॅरेजमध्ये आहे.

मग पुढच्या वर्षाची बैठक, उभ्याउभ्याच. नोंदणीचं काम कोण घेणार असं अध्यक्षांनी विचारताच सहा माणसं पडलेले फासे शोधायला एकदम खाली वाकली. सरदार कंबरदुखीमुळे वाकू शकत नाहीत. काम त्यांच्याकडे गेलं. हरवल्या-सापडल्याचं खोकं मात्र माझ्याकडे आलं. त्यात वाचायचे तीन चष्मे, एक शिशाचा हत्ती, प्रशियाचे अकरा पायदळी, दातांच्या डॉक्टरांचं व्हिजिटिंग कार्ड आणि एक गाडीची किल्ली आहे. किल्लीबद्दल अजून कुणाचाही फोन आलेला नाही. तो माणूस घरी कसा गेला यावर समितीत दोन तट पडले आहेत.